जुन्या ट्रॅक्टरला पुट्टी नको, हातोडी हवी
आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्या पिढीचा ट्रॅक्टर इंदूरच्या आसपास कुणी जपला असेल, तर पोचे पडलेल्या बॉनेटवर पुट्टीचे थर लिंपू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पुट्टी स्वस्त आणि झटपट, हे खरे. पण ट्रॅक्टरच्या थरथरीने जाड थराला तडे जातात, पावसाळ्यात फटीतून पाणी शिरते आणि पत्रा आतल्या आत गंजतो. जाणता डेंटर पत्र्यामागे डॉली (टेकू देणारा लोखंडी ठोकळा) धरून पोच्याच्या कडेकडून हलक्या हाताने ठोकत आत सरकतो. घाईने मधोमध घाव घातला, की पत्रा ताणतो. मग तो तापवून आकसवावा लागतो. मजुरी वाढते, मान्य. पण तसे अस्सल बॉनेट आज सहजी मिळत नाही. मालकांनी डेंटरला पुरेसा वेळ द्यावा आणि मजुरीत घासाघीस करू नये.