झेंडा चढला, सातबारा कुठाय?



17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, त्याला 1998 ला 50 वर्षं झाली. कचेरीपुढं मांडव पडेल, भाषणं होतील, म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकांना शाल-नारळ मिळेल. मिळायलाच पाहिजे. आम्ही पण जाणार आहोत, पण मागं उभं राहून टाळ्या वाजवायला नाही. आम्हाला विचारायचंय, त्या लढाईत आम्ही होतो की नव्हतो? होतो, तर आमचं नाव कुठल्या कागदावर आहे?

देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला, आपण नाही सुटलो. इथं निजामाचं राज होतं, जिल्ह्याला नाव पण त्याचंच. शिवेपलीकडं बार्शी-सोलापूर स्वतंत्र, अलीकडं रझाकार. त्यांचा पुढारी कासीम रझवी कुणी लांबचा नव्हता, लातुरात वकिली करायचा. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. आणि लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आपल्या हिप्परग्याच्या शाळेतले मास्तर. हद्दीवर कॅम्प पडले. करोडगिरीची नाकी जाळली, शिंदीची झाडं तोडली, लेव्हीचं धान्य नाकारलं. भूम तालुक्यात ईटच्या गोदावरीबाई टेकाळे रझाकारांशी लढता लढता मेल्या. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौज शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. 17 तारखेला निजाम शरण आला.

भाषण इथं संपतं. आमचं इथून सुरू होतं.

रात्रीच्या अंधारात हद्द ओलांडायची, तर वाट कोण दाखवणार? बालाघाटच्या डोंगरातली पाऊलवाट नकाशात नसते. ती शिकार करणाऱ्याला, शेरडं राखणाऱ्याला, लाकडाची मोळी आणणाऱ्या बाईला ठाऊक. आमच्या वस्त्यांवरची म्हातारी माणसं सांगतात, भाकरी पोचवल्या, निरोप पोचवले, रानात माणसं लपवली. पारध्याचा पोरगा रझाकाराला सापडला तर हेर, आणि गावाला सापडला तर चोर. मार दोन्हीकडून.

आणि राज्य गेल्यावर? गुन्हेगार जमातीचा शिक्का दिल्लीनं 31 ऑगस्ट 1952 ला पुसला. म्हणजे देशाला एक तारीख, मराठवाड्याला दुसरी, आमच्या पारधी भावांना तिसरी. पोलिसाच्या डोक्यातला शिक्का तर अजून पुसायचाय.

पेन्शनला जेलचा दाखला लागतो, नाहीतर कॅम्पवाल्याची चिठ्ठी. ज्याला जेलात टाकलं त्याचा कागद झाला. ज्यानं वाट दाखवली त्याचा कागद कुणी केला? आम्ही पेन्शन मागत नाही आणि घेणाऱ्यावर जळत पण नाही. आमचं म्हणणं एवढंच, की जमिनीला पण हाच खेळ चाललाय.

1949 ला जागीरदारी गेली, 1950 ला कूळकायदा आला. चांगलंच झालं. पण जमीन कुणाला? ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं होतं त्याला. रानावर, गायरानावर जगणाऱ्याला कोण कूळ म्हणणार? म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला 1959 ला आणि पुन्हा 1964 ला गोरगरीब जेलात गेले. पुढं 28 नोव्हेंबर 1991 चा जीआर निघाला. त्यात, 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायची म्हटलंय. कितीतरी वर्षं झाली. तलाठी म्हणतो, एक-इ ला नोंद नाही. अरे बाबा, ती नोंद करायचं काम कुणाचं? दंड घेताना आम्ही दिसतो, नोंद करताना दिसत नाही! रामलिंगचं रान अभयारण्य झालं. तिथं मोरांची मोजदाद होते, जळण वेचणाऱ्या बाईची होत नाही.

आता एक कडू गोष्ट. काही लोक येतील आणि सांगतील, ही हिंदू-मुसलमानाची लढाई होती. साथींनो, ऐकू नका. हैदराबादचा पत्रकार शोएबुल्ला खान निजामाच्या विरोधात लिहायचा, म्हणून ऑगस्ट 1948 ला रझाकारांनी त्याला मारला. आणि फौज आल्यावर आपल्याच जिल्ह्यात कितीतरी गरीब, निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल हिंडून, बघून गेले, अहवाल दिला. सरकारनं तो दाबून ठेवला. ज्यांच्या दुःखाचा कागद दाबला, तेही आमच्याच रांगेतले. लढाई राजाशी होती, जागीरदाराशी होती. जमीन अडवून बसलेल्या माणसाला जात-धर्म नसतो, फक्त कुंपण असतं.

म्हणून 17 सप्टेंबरला काय करायचं ते ठरवा.

प्रत्येक वस्तीवरचं, तांड्यावरचं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत आणा. त्याला चालवत नसेल तर बैलगाडी जोडा. निजामाच्या वेळी कुठं राहायचो, काय पिकवायचो, कुणी हाकललं, हे शिकलेल्या पोरांनी त्याच्या तोंडून लिहून घ्या. खाली चार जणांचे अंगठे घ्या. दंडाच्या पावत्या, कोर्टाची समन्सं, जे असेल ते गाठोड्यात बांधा. झेंडावंदन झालं की गाठोडी तहसीलदारांपुढं ठेवायची आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

ही माणसं आता थोडी उरलीत. ती गेली की आमचा पुरावा गेला. कचेरीला घाई नाही, ती वाटच बघतीय.

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं रान!