‘वारं गेलं’ म्हणता म्हणता वेळ जाते

आपल्या वस्तीत कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘अंगावरून वारं गेलं.’ माझं स्पष्ट मत आहे की हा शब्दच आपल्या माणसांचे हात-पाय घालवतो. वारं म्हटलं की उपायही वाऱ्यावरचाच सुचतो. कुणी तेल गरम करतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून मांत्रिक गाठतं. वॉर्डात नर्स म्हणून काम करताना असे रुग्ण मी सकाळच्या ओपीडीत आलेले पाहिले. झटका मात्र आदल्या संध्याकाळी आलेला असायचा.

हे थांबवायचं तर आपल्या शरीरात हुकूम कुठून सुटतो आणि कुठवर जातो, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. ते अवघड नाही.

सगळ्यात वर मेंदू. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, आणि त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी. मेंदूच्या देठापासून निघून पाठीच्या कण्यातून खाली उतरते ती मज्जारज्जू, जेमतेम दीड फूट लांब. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात, मज्जारज्जूतून ३१. त्या डोळ्यांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतात. काही नसा बातमी वर नेतात, तवा गरम आहे, पायात काटा रुतला. काही हुकूम खाली आणतात, हात मागे घे, पाय उचल. श्वास, हृदयाचे ठोके, पचन ही कामं तर आपण झोपलो तरी चालूच राहतात. इथे एक फरक ध्यानात ठेवा. रक्त वाहते ती शीर, निरोप वाहते ती नस. बोलताना आपण दोन्हींना नसच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

मेंदूत कामांची वाटणी आहे. हालचालीची जागा वेगळी, नजरेची वेगळी, बोलण्याची वेगळी. शिवाय हालचालीचे तंतू मेंदूच्या देठापाशी एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो आणि डावी बाजू उजवा. बोलण्याची जागा बहुतेकांत डावीकडे असते. म्हणून उजवा हात लुळा पडला की अनेकदा वाचाही जाते.

आता लकव्याकडे या. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं, पण आपण घेतो त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. साठा मात्र काहीच ठेवत नाही. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली किंवा शीर फुटली, की त्या भागातल्या पेशी मरायला लागतात. मोठी शीर बंद झाली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात. आजारी हात नाही, हाताला हुकूम देणारी जागा आजारी आहे. मग हाताला कितीही तेल चोळलं तरी डोक्यातली गुठळी कशी निघेल?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण शीर फुटली असेल तर हेच इंजेक्शन जीव घेईल. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून ‘सकाळी बघू’ म्हणणं हा उपचार नव्हे. वेळ उलटली असली तरी रुग्णालयात न्यायचंच. काही रुग्णांवर त्यानंतरही उपचार करता येतात.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली घसरतो का बघा. एक साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का ऐका. तिन्हीपैकी एक जरी दिसलं तरी लगेच १०८ ला फोन. रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ती वेळ लिहून घ्या. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा. दहा मिनिटांत सगळं बरं झालं तरी दवाखाना चुकवू नका, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आणखी एक. वाचा गेलेल्या माणसाला वेड्यात काढू नका. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला ‘तां’ एवढंच म्हणता यायचं, पण बोललेलं समजायचं. त्याच्या मेंदूत डावीकडे पुढच्या भागात बिघाड सापडला. आपल्या घरातल्या गप्प पडलेल्या आजीलाही कदाचित सगळं कळत असेल. तिच्यासमोर तिच्या खर्चाचा हिशेब मांडू नका. आणि व्यायाम सोडू नका. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी सरावाने काही काम शिकतात.

वस्तीच्या अंधश्रद्धेला हसणाऱ्यांनाही मला विचारायचं आहे. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, जवळच्या सरकारी रुग्णालयात रात्री सीटी मशीन बंद, तिथून पुढे पाठवण्यात दोन तास. यात मांत्रिकाचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती? नळाच्या पाण्यासाठी आपण मोर्चा नेतो, तसाच या प्रश्नासाठीही न्यायला हवा. कुठल्या रुग्णालयात रात्री सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही मिळतं, हे महिला मंडळाने आजच विचारून विहाराच्या फलकावर लिहावं. रुग्णाला मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेणारी चार पोरं आधीच ठरवावीत.

आणि झटका येऊच नये म्हणून, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तंबाखू, मिश्री सोडावी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवत नाही, तो यंत्रावरच दिसतो.