काल चालत होतं!

गेल्या महाशिवरात्रीची गोष्ट. कुणकेश्वरची जत्रा भरलेली, घरात पाहुण्यांची गर्दी, आणि आमचा पुतण्या खळ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन डोकं धरून बसलेला. वर्षातून एकदा पुण्याहून येतो, पण देवळात जायलाही सवड मिळेना. विचारलं तर म्हणाला, "आबा, मी एक अक्षर बदलूक नाय. काल चलत होता, आज चलना नाय. आणि फोनार वरडतत ते माकाच!"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला निवृत्त मास्तर. संगणकाशी माझा संबंध चार ओळी टाइप करण्यापुरता. पण न केलेल्या चुकीबद्दल पोराने बोलणी खावीत, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून सगळं समजावून घेतलं. ऐकून जो राग आला, तो इथे उतरवतो आहे.

प्रोग्राम म्हणे कोणी एकटा लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले अनेक तुकडे त्यात जोडलेले असतात. जावा भाषेत काम करणारे बरेच जण ही जोडणी मेव्हन नावाच्या साधनाकडून करून घेतात. यादी द्यायची: अमुक तुकडा, आवृत्ती २.४. मेव्हन तो भांडारातून आणतो. मध्यवर्ती भांडारात एकदा ठेवलेली आवृत्ती बदलता येत नाही, त्यामुळे २.४ म्हणजे आजही तीच, दहा वर्षांनीही तीच. पण आकड्यापुढे 'स्नॅपशॉट' हा शब्द लागला, की अर्थ होतो "काम चालू आहे". नाव तेच, आतला माल केव्हाही बदलणारा. वेगळं काही सांगितलं नसेल तर मेव्हन दिवसातून एकदा नवा माल आला का ते बघतो, आणि आला असेल तर न विचारता जोडून मोकळा होतो.

पुतण्याच्या यादीत असा एक स्नॅपशॉट होता. दुसऱ्या गटाने रात्री त्यात काहीतरी फिरवलं, आणि सकाळी याचं काम कोसळलं. काल नेमका कोणता माल जोडला होता, हे यादी बघून सांगता येईना. मग दोष कुणाचा? जो फोन उचलतो त्याचा!

आमच्या वर्गातही अर्ध्या मुलांकडे थोरल्या भावंडांची जुनी पुस्तकं असायची. पान जुळत नसे. पण आत आवृत्तीचं वर्ष छापलेलं असे, एका मिनिटात उलगडा होई. तेच मुखपृष्ठ, तेच वर्ष, आणि आतला धडा मात्र रातोरात बदललेला, असं पुस्तक हातात घेऊन कोणी शिकवून दाखवावं!

नाथमहाराजांना हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बदलत गेले. नाव मात्र सगळ्यांचं ज्ञानेश्वरीच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली, शेवटी स्वतःचं नाव आणि साल घातलं, आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये असं बजावून ठेवलं. पक्की आवृत्ती म्हणजे दुसरं काय?

पुतण्या म्हणाला, "आबा, दोन गट एकाच वेळेक काम करतत. दर बदलाक नवो आकडो घालीत बसलो तर दिवस थयच जातलो." मान्य. सुताराच्या पडवीत अर्धवट खुर्ची असणारच. तिथल्या तिथे ती हाताळायला हरकत नाही. पण ती पाहुण्याला बसायला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आकडा पक्का करून झोपी गेलात तर जुनी भोकंही पक्की होतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या तुकड्यातलं मोठं भोक उघडकीस आलं, तेव्हा जुन्या आवृत्तीवर बसलेल्यांची धावपळ झाली. खरंच आहे. पण आपण कोणत्या आकड्यावर बसलो आहोत, हे ज्याने लिहून ठेवलं होतं, त्यालाच आपण धोक्यात आहोत का हे चटकन सांगता आलं. आणि नवं ते चांगलंच असतं असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या तुकड्याच्या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचं उघड झालं. डेबियनच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत तो माल पोचला होता, स्थिर आवृत्तीत नाही.

बदल करूच नका, असं मी कुठे म्हणतो? करा, जरूर करा. पण दिवसाउजेडी, तपासून, नवा आकडा घालून, आणि ज्यांचं काम त्यावर उभं आहे त्यांना सांगून. रात्री न सांगता पाया हलवायचा आणि सकाळी वर राहणाऱ्याला जाब विचारायचा, याला प्रगती म्हणत नाहीत.

असो. पुण्याहून पुतण्याचा फोन आला होता. स्नॅपशॉट काढून आकडा घातला म्हणाला. बरं वाटलं. जत्रा मात्र त्याची चुकली ती चुकलीच.