फूल सह्याद्रीचे, शिक्का ‘विदेशी’!

जून २०२५ मध्ये मद्यावरील करांत फेरबदल करताना राज्य सरकारने धान्यापासून तयार होणाऱ्या मद्यासाठी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग निर्माण केला. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, मोहफुले व काजूबोंडांपासून बनणाऱ्या मद्याला मात्र ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्यात आला होता. म्हणजे धान्याची दारू महाराष्ट्राची आणि सह्याद्रीच्या जंगलातील फुलांची विदेशी! हा केवळ शब्दांचा खेळ नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मोह वेचणाऱ्या हातांना त्यातून काय मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांतील बायका-मुले तो वेचतात. वाळवलेली फुले भिजवून आंबवायची आणि भट्टीवर त्यांचा अर्क उतरवायचा, ही इथली जुनी रीत. ब्रिटिश सरकारला मात्र त्यात बुडणारा महसूल दिसला. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना लावण्यात आला. घरची भट्टी गुन्हा ठरली. उरणच्या भट्ट्यांतील मोहाची दारू मात्र मुंबईला जात राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरील निर्बंध कायम ठेवले. ही फुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील बंधने आदिवासींसाठी उठली ती थेट २०२१ मध्ये.

फूल मोकळे झाले, पण त्यापासून मद्य बनवणे सामान्यांच्या आवाक्यात आलेले नाही. विदेशी दर्जामुळे मोहाच्या बाटलीला शहरातील दुकानांचे दार उघडते, हे खरे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने मोहाचे मद्य उंची पेय म्हणून बाजारात आणून त्याला शहरी गिऱ्हाईक मिळू शकते, हे दाखवून दिले आहे. परंतु कारखाना, परवाना, गोदाम आणि शुल्काचा भरणा हे सारे भांडवलदाराला पेलणारे आहे. पाड्यावरील बचत गटाला नव्हे. त्यातच २०२५ च्या निर्णयाने विदेशी मद्यावरील शुल्क, निर्मितीमूल्य लिटरमागे २६० रुपयांपर्यंत असल्यास, त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. अशा स्थितीत आदिवासींच्या वाट्याला फक्त वाळलेली फुले विकणे उरते.

शेजारच्या मध्य प्रदेशने वेगळी वाट धरली. तेथे मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ मानून त्याची निर्मिती आदिवासी बचत गटांकडे सोपवण्यात आली. अलिराजपूरच्या गटाचे ‘मोंड’ त्यातूनच बाजारात आले. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेयाचा मान दिला. महाराष्ट्राने मात्र दर्जा दिला तो बाटलीला. बनवणाऱ्याचा विचार झाला नाही.

अर्थात, दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेल्या बायकांनीच राज्यात ठिकठिकाणी ‘बाटली आडवी’ केली आहे. काळा गूळ आणि नवसागर घातलेल्या हातभट्टीच्या दारूला मोहाची परंपरा म्हणून गोंजारता येणार नाही. २०१५ च्या मालवणी दुर्घटनेत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, याचाही विसर पडता कामा नये. म्हणूनच निर्मितीला परवानगी द्यायची तर तपासणी, मोजके उत्पादन आणि गावाबाहेर विक्री या अटी हव्यात.

त्यासाठी नवी यंत्रणा शोधण्याची गरज नाही. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांतील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आहे आणि मद्याची विक्री रोखण्याचा वा नियंत्रित करण्याचा अधिकारही. भट्टी लागावी की नाही, लागलीच तर कोणाच्या मालकीची, हे ग्रामसभेने, विशेषतः तिथल्या महिलांनी ठरवावे. ते न होता केवळ शिक्का बदलला, तर १८९२ प्रमाणे आताही मोह वेचणारा एक आणि त्यावर कमावणारा दुसराच राहील.