यंत्रांची घराणी आणि त्यांचे रसिक

गायनातील घराण्यांचा अभिमान आता लोपला, ग्वाल्हेर कोणते आणि किराणा कोणता याची श्रोत्यांना पर्वा उरली नाही, अशी हळहळ आमच्या व्यवसायातील वडीलधारी मंडळी वारंवार व्यक्त करतात. त्यांच्या समाधानासाठी सांगावयास हरकत नाही की, हा अभिमान मेलेला नाही. त्याने फक्त आपला मुक्काम हलविला आहे. संगणक विकत घ्यावयास निघालेल्या कोणत्याही दोन तरुणांचे संभाषण ऐकावे. एक इंटेलचा असतो, दुसरा एएमडीचा. ‘तुमच्या बुवांना लय तरी समजते का हो?’ हा प्रश्न पूर्वी ज्या त्वेषाने विचारला जाई, त्याच त्वेषाने हे दोघे एकमेकांच्या चिपची अब्रू काढीत असतात. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावण्याचा प्रघात तेवढा अजून त्यांच्यात रूढ व्हावयाचा आहे.

ही उपमा आम्ही केवळ विनोदासाठी घेत आहोत असे कोणी समजू नये. चिपच्या धंद्याची वंशावळ अगदी घराण्यांसारखीच आहे. विल्यम शॉक्ले यांना ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल दोघा सहकाऱ्यांसमवेत १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उस्ताद थोर, पण स्वभावाने संशयी आणि तापट. परिणाम असा झाला की, १९५७ साली त्यांच्या आठ शिष्यांनी एकदम गंडा तोडला आणि फेअरचाइल्ड नावाची वेगळी गादी मांडली. अमेरिकेत हे ‘गद्दार आठजण’ म्हणून प्रसिद्ध आहेत. गुरूला सोडून गेलेल्यांना आपल्याकडे याहून सौम्य विशेषण मिळाले असते असे आम्हांस वाटत नाही. पुढे त्याच फेअरचाइल्डमधून नॉइस आणि मूर बाहेर पडले व त्यांनी १९६८ त इंटेल स्थापिली. लगेच १९६९ त जेरी सँडर्स आणि मंडळींनी बाहेर पडून एएमडी काढली. म्हणजे आज ज्यांचे शागीर्द एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते एकाच आजोबांचे नातू आहेत.

नातवांचे भांडणही घराण्याला शोभेसेच झाले. आयबीएमने आपल्या १९८१ च्या संगणकासाठी इंटेलची चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबावयास ती तयार नव्हती. तेव्हा इंटेलला आपली चीज एएमडीला शिकवावी लागली. पुढे ३८६ ही चिप निघाली तेव्हा इंटेलने ‘आता ही चीज घराण्याबाहेर जाणार नाही’ असे ठरविले, आणि उभयता कोर्टात गेले ते १९९५ त बाहेर आले. खरी गंमत त्यानंतरची. २००३ त एएमडीने ६४ बिटांची नवी बंदिश बांधली, आणि थोरल्या घराण्याने दुसऱ्याच वर्षी ती मुकाट्याने आपल्या बैठकीत घेतली. आज इंटेलच्या शिक्क्याचा संगणक अभिमानाने मिरविणारा गृहस्थ प्रत्यक्षात धाकट्या पातीची बंदिश ऐकत असतो; पण हे त्याला सांगू नये. अभिमान दुखावतो.

राजाश्रयाचा प्रश्नही या घराण्यांना सुटलेला नाही. आमच्या बडोदे संस्थानात गवई-वादकांच्या खात्याला ‘कलावंत कारखाना’ असे नाव होते. कलावंतांना कारखान्यात घालणारे ते राज्य गेले. आता कारखानेच दरबाराच्या पायऱ्या चढू लागले आहेत. स्पर्धा आणि खुला बाजार यांचा जप करणाऱ्या अमेरिकेत तेथील सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा आपल्याकडे घेतला, आणि पुढच्याच महिन्यात एन्व्हिडिया या नव्या श्रीमंत घराण्याने तिच्यात पाच अब्ज डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. मैफलीला गर्दी ओसरली की गवयाला दरबार आठवतो, हा अनुभव जुनाच आहे.

आता या मंडळींच्या नामकरणविधीकडे वळू. चिपच्या कारागिरीची सूक्ष्मता नॅनोमीटरमध्ये सांगण्याची रीत आहे. एके काळी हा आकडा चिपवरील एखाद्या भागाचे खरे माप असे. पुढे मापाचा आणि आकड्याचा संबंध तुटला, आकडा मात्र घटतच राहिला. २०२१ त इंटेलने तर आपल्या दहा नॅनोमीटरच्या सुधारलेल्या प्रक्रियेला ‘इंटेल ७’ असे नावच देऊन टाकले. काळी दोनचा तंबोरा काळी चारचा म्हणून जाहीर करावा, तसे हे झाले. तार न पिळता स्वर चढला!

यूएसबीची कथा याहून करुण आहे. २००८ साली यूएसबी ३.० या नावाने एक वेग ठरला. पाच वर्षांनी त्यालाच ३.१ ची पहिली पिढी म्हणू लागले, आणि २०१९ त ३.२ ची पहिली पिढी. वेग तोच, तार तीच, बारसे तीनदा. एकच राग तीन नावांनी गाऊन तीन बिदाग्या घेणारा गवई आमच्या पाहण्यात नाही. असता तर श्रोत्यांनी दुसऱ्याच बिदागीला त्याला हटकले असते.

संगीताचा धंदा करणाऱ्यांना विशेष झोंबलेली गोष्ट म्हणजे हेडफोनच्या भोकाची. टेलिफोन जोडणाऱ्या मुलींच्या फळ्यावरून एकोणिसाव्या शतकात निघालेला हा साधा खिळा आकाराने लहान होत आपल्या खिशापर्यंत पोचला होता. २०१६ त ॲपलने नव्या आयफोनमधून तो काढून टाकला आणि भर सभेत या कृत्याचे कारण सांगितले : धैर्य! सॅमसंगने या धैर्याची जाहिरातींतून यथेच्छ टिंगल केली. आणि २०१९ त आपल्या नोट १० मधून तेच भोक स्वतःही बुजविले. ज्याच्या गायकीची नक्कल करून हशा मिळवावयाचा, त्याचीच गायकी पुढच्या हंगामात उचलावयाची, हा प्रकार आमच्या क्षेत्रालाही अपरिचित नाही. खर्च मात्र ऐकणाऱ्याला आला. चालू स्थितीतला उत्तम हेडफोन पेटीत गेला आणि त्याच्या जागी रोज चार्ज करावयाची दोन बोंडे आली.

इतके दिवस आम्ही उस्तादांविषयी बोललो, आता रसिकांविषयी. इंग्रजीत ज्यांना ‘गीक’ म्हणतात, त्या यंत्रवेड्यांची थट्टा करणे फार सोपे आहे. हा प्राणी संगणकाच्या पेटीला काचेची खिडकी बसवितो आणि आत गणपतीच्या मखरालाही लाजवील अशी रोषणाई करतो. चिपला तिच्या नेमल्या वेगाहून जलद पळविण्यासाठी तिच्यावर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततो. २०२२ च्या अखेरीस अशाच मंडळींनी नऊ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. तो वेग उपयोगी पडत नाही. एखाद्या तानबहाद्दराची आठपट लयीतली तान रागाला कितपत उपयोगी पडते? पण ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘वाहवा’ निघून जाते, हे कसे नाकारावे?

तथापि थट्टा एवढ्यावर थांबवून न्यायाचे दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. कारण या क्षेत्रात जे जे आपुलकीचे आहे, ते बहुतेक या वेड्यांनी केलेले आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात ‘होमब्रू’ नावाचे हौशी मंडळ एका गॅरेजमध्ये सुरू झाले. त्या वेळच्या अल्टेअर संगणकाला ना पडदा, ना कळफलक, ना आवाज. नुसती बटणे आणि दिवे. स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदाने त्याच्याजवळ एक साधा रेडिओ ठेवला. संगणक चालताना रेडिओत जी खरखर उमटते तिलाच त्याने हिशेबाने सुरात बसविले आणि बीटल्सचे एक गाणे वाजवून दाखविले. मग सभेच्या आग्रहावरून दुसरे वाजविले ते ‘डेझी बेल’, म्हणजे १९६१ साली बेल प्रयोगशाळेत संगणकाने गायिलेले गीत. ज्या यंत्राला गळाच नाही त्याच्याकडून गाऊन घ्यावयाचे आणि त्यातही पूर्वसूरींना नमस्कार करावयाचा! याला आम्ही रसिकता म्हणतो. या मंडळात आकृत्या एकमेकांना मोकळेपणाने दाखविल्या जात. चीज चोरून ठेवण्याची विद्या तेथे नव्हती.

दुसरे उदाहरण १९९४ चे. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज मांडीत बसले होते. उत्तर जुळेना. त्यांनी इतर साऱ्या शक्यता एकेक करून वगळल्या आणि दोष इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात आहे असे दाखवून दिले. कंपनीने प्रथम सांगितले की, सामान्य ग्राहकाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भोगावी लागेल. एवढी वर्षे थांबावयाची ग्राहकांची तयारी दिसली नाही. ओरड झाली आणि कंपनीने चिप बदलून देण्याचे कबूल करून त्यापायी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. हजार श्रोते माना डोलवीत असताना एकाच्या कपाळावर आठी पडते. मैफलीची इभ्रत त्या एका आठीवर टिकून असते.

आणि या साऱ्याचा आज आपल्या घराशी संबंध आला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ त विंडोज १० काढले तेव्हा कंपनीच्याच एका माणसाने ‘ही शेवटची आवृत्ती’ असे सांगितले होते. भैरवी झाली म्हणून श्रोते निर्धास्त बसले, तो २०२१ त नवी मैफल सुरू झाली. आणि तिच्या दारावर पाटी लागली की, साधारणतः २०१७ पूर्वीची चिप असलेल्यांना प्रवेश नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नित्याची देखभाल बंद झाली. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली. पण मुदत म्हणजे आयुष्य नव्हे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. चोरांपासून संरक्षण हवे तर नवे कुलूप लागते, आणि जुनी यंत्रे अनंत काळ सांभाळणे कोणालाच शक्य नाही. लिनक्सनेही ३८६ चिपला अखेर निरोप दिलाच. पण तो २०१२ त, ती चिप निघून सत्तावीस वर्षे झाल्यावर! प्रश्न आहे तो ‘जुने’ आणि ‘निकामी’ यांतील भेदाचा. शाळेतील निबंध, दुकानाचा हिशेब आणि गाण्याच्या वर्गाचे वेळापत्रक यांसाठी दहा वर्षांचे यंत्र आजही उत्तम चालते. ते बिघडलेले नाही. त्याला बिघडलेले ठरविण्यात आले आहे.

आमच्या धंद्यात जुने होणे हा गुण आहे. मिरजेच्या कारागिराने बनविलेल्या तंबोऱ्याची जवार गेली तर ती पुन्हा काढता येते, खुंटी सैल झाली तर बदलता येते. मिरजेच्या या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ त भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही ही पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी आहे. ‘आपला भोपळा २०१७ पूर्वीचा आहे, सबब यापुढे षड्‌ज लागणार नाही’ असे तंबोऱ्याच्या मालकाला कोणी कळविलेले नाही. उलट संगणक आणि मोबाइल यांची बॅटरी चिकटविलेली, झाकण बंद आणि सुटे भाग दुर्मीळ. २०२२ या एका वर्षात जगात फ्रिजपासून फोनपर्यंत सहा कोटी वीस लाख टन विजेचा कचरा झाला, आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेला कोठे तरी भंगारवाल्याच्या पोराच्या हातून जळतो वा फुटतो, आणि त्याचा धूर त्याच्याच छातीत जातो.

कायदे हळूहळू जागे होत आहेत. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला एकच चार्जर सक्तीचा केला, आणि ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्यासाठी २०२७ ची मुदत घातली. आपल्या सरकारनेही दुरुस्तीच्या हक्काविषयी २०२२ त समिती नेमली. परंतु कायदा दारी येईपर्यंत दार लोटून बसण्याचे कारण नाही. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ त छंद म्हणून आरंभिलेले लिनक्स आज कोणालाही फुकट मिळते. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणक २०१७ पासून त्यावरच चालतात, आणि त्याचे हलके प्रकार जुन्या यंत्रातही सुखाने नांदतात.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी आपल्या आळीतला तो चष्मेवाला, दिवसभर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणारा, ज्याच्या आईला त्याच्या लग्नाची काळजी लागली आहे असा मुलगा गाठावा आणि यंत्र त्याच्यापुढे ठेवावे. चालते झाले तर एखाद्या शाळेला द्यावे. शाळांच्या चालकांनी नव्या यंत्रांसाठी देणगीदार शोधण्याआधी कपाटातील जुनी यंत्रे बाहेर काढावीत आणि दुरुस्तीचा वर्ग सुरू करावा. त्याला शिक्षक हाच मुलगा मिळेल. तो बोलू लागला की लवकर थांबणार नाही आणि त्यातले अर्धे समजणार नाही, हे खरे. पण रागाच्या वादीसंवादीवर दोन दोन तास बोलणाऱ्यांना ज्या शहराने इतकी वर्षे सोसले, त्याला हे जड जाऊ नये.