फलक कोणासाठी?

बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकावर मुंबईच्या उद्यान एक्स्प्रेसची वाट पाहणारे प्रवासी विद्युत फलकाकडे डोळे लावून बसतात. गाडीचा क्रमांक, वेळ आणि फलाट ही माहिती तेथे कन्नड, हिंदी व इंग्रजी भाषांत आळीपाळीने उमटते. सराईत वाचकाला एक दृष्टिक्षेप पुरतो. परंतु याच गाडीने सोलापूरला परतणारा, नुकताच अक्षरे जुळवू लागलेला मजूर देवनागरी ओळीची वाट पाहतो आणि ती वाचून होण्यापूर्वीच ती पुसली जाते.

विद्युत फलकाचे उपकार थोडे नाहीत. रंगवलेली पाटी बदलण्यास दिवस लागतो. येथे नियंत्रण कक्षातून क्षणात मजकूर बदलतो. 20 ऑक्टोबर 2011 रोजी बंगळूरमध्ये मेट्रो सुरू झाली. पुढची गाडी किती मिनिटांत येणार, हे आज तेथील फलकच सांगतो.

अशा फलकांसाठी वीज लागते, देखभाल लागते. हा खर्च जाहिरातींतून भागवला, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. हलती, रंगीत जाहिरात नजर खेचून घेते आणि शेजारची साधी सूचना झाकोळून जाते. जाहिरात आज निसटली तर उद्या पाहता येते. निघून गेलेली गाडी मात्र परत येत नाही.

जाहिरातींना मर्यादा घालणे अशक्य नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबाबत कठोर भूमिका घेतल्यावर, ऑगस्ट 2018 मध्ये बंगळूर महानगरपालिकेने शहरातील जाहिरात फलकांवर एक वर्षाची बंदी घालण्याचा ठराव केला होता. विद्युत फलकांसाठी बंदीची गरज नाही, शिस्तीची आहे. माहितीची जागा निश्चित असावी आणि जाहिरातीने ती कधीही अडवू नये. प्रत्येक भाषेतील ओळ सावकाश वाचणाऱ्यालाही पुरेल इतका वेळ स्थिर राहावी. तीच सूचना ध्वनिक्षेपकावरूनही ऐकू यावी, म्हणजे निरक्षर आणि दृष्टिहीन प्रवासी वंचित राहणार नाहीत.

सार्वजनिक फलकाचे यश त्याच्या झगमगाटावर ठरत नाही. सर्वांत सावकाश वाचणारा प्रवासी योग्य फलाटावर वेळेवर पोहोचला, तरच तो फलक आपल्या कामाला आला असे म्हणता येईल.