कर्करोगावर लस कशी?

‘कर्करोगावर लस कशी असेल? तो काय साथीचा रोग आहे?’ मुलीला एचपीव्हीची लस देण्याचा विषय निघाला की अनेक घरांत हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराची सुरुवात एका कोंबडीपासून होते.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे छातीवर गाठ असलेली कोंबडी आली. राऊस यांनी गाठ वाटली, तिचा अर्क पेशी व जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. गाळणीतून निसटलेला विषाणूच कर्करोग घडवत होता. १९११ मधील हा निष्कर्ष बराच काळ दुर्लक्षित राहिला. राऊस यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी.

हा विषाणू आपली जनुके पेशीच्या डीएनएत घुसवतो. त्यातले ‘सार्क’ जनुक पेशीला सतत विभाजनाचा आदेश देते आणि ती थांबायचे विसरते. १९७६ मध्ये बिशप, व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हे जनुक मुळात पक्ष्यांच्या निरोगी पेशींतलेच. विषाणूने ते उचलले आणि बिघडवले. म्हणजे कर्करोग घडवू शकणारी जनुके आपल्याच पेशींत असतात. म्हणूनच बहुतेक कर्करोग विषाणूविनाही होतात.

माणसात एचपीव्हीची तऱ्हा वेगळी. त्याची दोन प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने निकामी करतात. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. काही प्रकारांचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. हा संबंध उलगडणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

तेव्हा घरातल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कर्करोगाच्या रुग्णाला शिवल्याने कर्करोग होत नाही. पसरतो तो विषाणू, आणि लस त्यालाच अडवते. संसर्गाआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात ती सर्वाधिक उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यताही मिळाली. देशात या कर्करोगाने दरवर्षी ७० हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात, असा अंदाज आहे. लस सगळे प्रकार रोखत नाही, त्यामुळे पुढे तपासणी हवीच. पण टाळता येण्याजोगा कर्करोग केवळ संकोचापोटी होऊ देणे परवडणारे नाही. शाळा, डॉक्टर आणि पालकांनी याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे.